कोणाचे काम कोणते : कमांड लाइन शिकतानाचा अनुभव

स्कॅन केलेल्या जुन्या दस्तऐवजांचा संग्रह ज्या सर्व्हरवर ठेवलेला होता, त्याची देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा सोबत कमांडची एक यादीही मिळाली. एका बाजूला काम आणि दुसऱ्या बाजूला त्याची कमांड, असे तिचे स्वरूप होते. यादी बिनचूक होती आणि सुरुवातीला तिच्यावर काम भागलेही. परंतु एखादी कमांड वेगळी वागली, नकार देऊन थांबली किंवा काहीही न सांगता मोकळी झाली, की पुढे काय करावे हे त्या यादीतून कळत नसे. त्या सर्व्हरला पडदा नव्हता, माउस नव्हता, जे करायचे ते अक्षरांनीच करायचे होते. म्हणून पाठांतर बाजूला ठेवून मी आपल्याच संगणकावर टर्मिनल उघडून पहिल्यापासून शिकायचे ठरवले. आपण टाइप केलेल्या एका ओळीवर तीन जण काम करतात, ओळ वाचणारा शेल, तिच्यातून सुरू होणारा प्रोग्रॅम आणि फाइली व प्रक्रिया (चालू असलेले प्रोग्रॅम) प्रत्यक्ष सांभाळणारा कर्नल, हे मला त्या अभ्यासातून कळले. कोणते काम यांपैकी कोणाचे, हे ओळखता येऊ लागल्यावर यादीची गरज आपोआप कमी झाली.

पहिल्या पायऱ्या कोणालाही जमतील अशा आहेत. आपण कोठे आहोत हे पीडब्ल्यूडी सांगते, तेथे काय आहे हे एलएस दाखवते आणि सीडीने जागा बदलता येते. सगळ्या डिरेक्टऱ्या, म्हणजे फोल्डर, एकाच मुळापासून, म्हणजे एका तिरप्या रेघेपासून फुटतात. त्या रेघेने सुरू होणारा पत्ता कोठूनही चालतो आणि बाकीचे पत्ते आपण उभे असू तेथून मोजले जातात. नावाची पहिली दोन-तीन अक्षरे लिहून टॅब दाबला की उरलेले नाव शेल पुरे करतो. टॅबची ही सवय लवकर लागली तर टाइप करताना होणाऱ्या निम्म्या चुका मुळातच होत नाहीत, असे माझे मत आहे.

याच टप्प्यावर ‘टाइप’ नावाची एक छोटी कमांड हाती लागली. तिच्यापुढे दुसऱ्या कमांडचे नाव लिहिले, की ती कमांड डिस्कवरचा स्वतंत्र प्रोग्रॅम आहे की शेलच्या पोटातलीच आहे, हे ती सांगते. फाइलची प्रत काढणारी सीपी किंवा मजकूर शोधणारी ग्रेप यांच्यासाठी डिस्कवरचा पत्ता येतो, सीडीसाठी मात्र ती शेलचाच भाग असल्याचे उत्तर येते. याचे कारण शोधताना बरेच काही उलगडले. शेल प्रत्येक बाहेरचा प्रोग्रॅम एका नव्या प्रक्रियेत चालवतो आणि कोणतीही प्रक्रिया स्वतःची चालू डिरेक्टरी बदलू शकते, तिला जन्म देणाऱ्या प्रक्रियेची नाही. सीडी जर वेगळा प्रोग्रॅम असता, तर त्याने स्वतःची जागा बदलली असती आणि तो तेथेच संपला असता, शेल आपल्या जागी तसाच राहिला असता. बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून युनिक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्यापुढेही, प्रत्येक कमांड नव्या प्रक्रियेत चालवण्याची पद्धत आणल्यावर, नेमकी हीच अडचण उभी राहिली होती आणि त्यांनी ती कमांड शेलमध्ये घेऊनच ती सोडवली.

त्यानंतर तारांकन समजून घ्यायला मी बराच वेळ दिला आणि तो सत्कारणी लागला. ‘सगळ्या पीडीएफ फाइली’ असे सांगण्यासाठी आपण तारा लिहून पुढे विस्तारक लिहितो, तेव्हा तो तारा संबंधित प्रोग्रॅम वाचत असेल असे वाटते. प्रत्यक्षात शेल आधी डिरेक्टरी पाहतो, जुळणारी सगळी नावे त्या जागी लिहितो आणि मग ती भरलेली ओळ प्रोग्रॅमच्या हाती देतो. तारा तेथे होता हे फाइल हटवणाऱ्या आरएमला किंवा हलवणाऱ्या एमव्हीला कधी कळतच नाही. म्हणून कोणत्याही धोक्याच्या कमांडआधी तीच ओळ ‘एको’ या निरुपद्रवी कमांडपुढे लिहून पाहता येते, कारण एको फक्त मिळालेली नावे छापते आणि विस्तार दोन्हीकडे सारखाच होतो. जुळणारे एकही नाव सापडले नाही तर बॅश हा शेल तो तारा जसाच्या तसा पुढे पाठवतो, तर मॅकवर २०१९ पासून मूळ शेल म्हणून येणारा झेडशेल तेथेच तक्रार करून थांबतो. मला या बाबतीत झेडशेलचे वागणे अधिक समंजस वाटते.

नावांमधल्या मोकळ्या जागांचा त्रासही याच मुळातून येतो. शेल ओळीचे तुकडे मोकळ्या जागांवर पाडतो, त्यामुळे ‘वार्षिक अहवाल’ नावाची एक फाइल अवतरण चिन्हांशिवाय लिहिली की प्रोग्रॅमला ‘वार्षिक’ आणि ‘अहवाल’ अशा दोन वेगळ्या फाइली मागितल्यासारखे दिसते. उलट, फाइलचे नाव डॅशने सुरू होत असेल तर शेलची काहीच हरकत नसते, प्रोग्रॅम मात्र त्याला फाइल न समजता पर्याय समजतो. त्यावर नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ लावणे हा सोपा उपाय आहे. संग्रहातल्या एका डिरेक्टरीत हजारो प्रतिमा होत्या आणि तेथे तारा लिहून कॉपी करायला गेल्यावर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ असा संदेश आला. येथे शेलने नावे व्यवस्थित भरली होती, सीपी तर सुरूही झाली नव्हती. एका प्रोग्रॅमला देता येणाऱ्या मजकुराची कर्नलने घातलेली मर्यादा ओलांडली गेली होती. अशा वेळी फाइली शोधणारी फाइंड ही कमांड वापरावी लागते, कारण ती डिरेक्टरी स्वतः वाचते आणि नावे मर्यादेत बसतील अशा गटांनी पुढे देते. फाइंडच्या अटी डावीकडून उजवीकडे तपासल्या जातात, हेही येथे ध्यानात ठेवायला हवे. नावाची अट लिहून मग हटवण्याचा पर्याय लिहिला तर जुळलेल्या फाइली जातात. हटवण्याचा पर्याय आधी लिहिला तर अट पाहण्यापूर्वीच सगळे जाते. मी हटवण्याच्या जागी आधी छापण्याचा पर्याय लिहून यादी नजरेखालून घालते आणि मगच शेवटचा शब्द बदलते.

संग्रहातल्या पुष्कळ फाइलींची नावे देवनागरीत होती, त्यामुळे इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा न येणारी एक बाब मला तपासावी लागली. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये एका नावाची मर्यादा २५५ बाइटची असते, अक्षरांची नव्हे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, वेलांटी, हलंत ही सगळी वेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘मराठी’ हा तीन अक्षरांचा शब्द पाच चिन्हांचा आणि १५ बाइटचा होतो. डब्ल्यूसी या कमांडला बाइट आणि चिन्हे वेगवेगळी मोजायला सांगितली की हे आकडे डोळ्यांनी दिसतात. म्हणजे देवनागरी नावाला जेमतेम ८५ चिन्हे मिळतात आणि दस्तऐवजाचे पूर्ण शीर्षकच फाइलला देण्याची पद्धत असेल तर ती लवकर संपतात. नाव फार लांब असल्याची ही तक्रारही कर्नलकडूनच येते. शेलला आणि सीपीला त्या नावाचे काही वावगे वाटत नाही.

आरएमबद्दल धास्ती सर्वांनाच असते आणि ती रास्त आहे, कारण येथे कचरापेटी नाही. पण आरएम नेमके काय करते हे समजल्यावर धास्तीची जागा सावधपणाने घेतली. डिरेक्टरी म्हणजे नावे आणि क्रमांक यांची एक वही असते. प्रत्येक नावासमोर आयनोडचा क्रमांक असतो आणि फाइलचा आकार, मालक, परवानग्या व मजकुराची जागा या नोंदी त्या आयनोडपाशी असतात. एलएसला डॅश आय हा पर्याय दिला की हे क्रमांक दिसतात. आरएम वहीतली ओळ खोडते. त्या आयनोडकडे नेणारे एकही नाव उरले नाही आणि कोणत्याही प्रक्रियेने ती फाइल उघडी ठेवली नसेल, तरच कर्नल ती जागा मोकळी करतो. एकाच डिस्क विभागात एमव्ही कितीही मोठी फाइल क्षणात हलवते, कारण तीही फक्त नोंद बदलते; दुसऱ्या विभागात हलवताना मात्र पूर्ण मजकूर कॉपी करून मूळ हटवावा लागतो, म्हणून तेथे वेळ लागतो.

परवानग्यांचे आकडे याच चित्रात बसले. वाचण्यासाठी ४, लिहिण्यासाठी २ आणि चालवण्यासाठी १, यांच्या बेरजा मालक, गट आणि इतर या क्रमाने मांडल्या की ६४४ किंवा ७५५ तयार होतात, इतके पाठ करायला काही लागत नाही. खरा अर्थ डिरेक्टरीपाशी लागला. डिरेक्टरीवर ‘चालवण्याची’ परवानगी म्हणजे तिच्यातून पलीकडे जाण्याची मुभा आणि ‘लिहिण्याची’ परवानगी म्हणजे वहीत नोंदी करण्याची व खोडण्याची मुभा. त्यामुळे जी फाइल वाचण्याचाही अधिकार मला नाही, ती मी हटवू शकते, जर ती असलेल्या डिरेक्टरीत मला लिहिता येत असेल तर. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला विश्वास बसला नव्हता, म्हणून मी स्वतःच्या संगणकावर करून पाहिले. सर्वांना लिहिता येणाऱ्या तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीवर म्हणूनच एक जादा खूण लावलेली असते, जिच्यामुळे तेथे प्रत्येकाला स्वतःच्याच फाइली हटवता येतात.

कमांड लाइनमध्ये मला सर्वांत जास्त आनंद पाइपने, म्हणजे एका प्रोग्रॅमचा निकाल थेट दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या जोडणीने, दिला. प्रोग्रॅम एकमेकांना बागेतल्या नळीसारखे जोडता आले पाहिजेत, ही कल्पना डग मॅकइलरॉय यांनी १९६४ मध्येच मांडली होती आणि १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये आणली. वेब सर्व्हरच्या लॉगमधून, म्हणजे नोंदींच्या फाइलीतून, सर्वाधिक मागण्या कोणत्या पत्त्यावरून येतात हे पाहायचे होते, तेव्हा कटने पहिला रकाना काढला, सॉर्टने क्रम लावला, युनिकने सारख्या ओळी मोजल्या, पुन्हा सॉर्टने मोठा आकडा वर आणला आणि हेडने वरच्या दहा ओळी ठेवल्या. युनिक फक्त लागून असलेल्या ओळींची तुलना करते, म्हणून तिच्याआधी सॉर्ट लागतेच. मी ही साखळी एकदम लिहीत नाही. एक दुवा जोडायचा, निकाल पाहायचा, वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणायची आणि पुढचा दुवा जोडायचा, अशी ती वाढवते.

निकाल फाइलमध्ये वळवणारे चिन्हही शेलचे आहे आणि शेल ते काम प्रोग्रॅम सुरू होण्याआधी करतो. एखादी फाइल सॉर्ट करून त्याच नावात वळवली तर सॉर्टला ती रिकामी मिळते, कारण शेलने ती लिहिण्यासाठी उघडताना आधीच पुसलेली असते. यासाठी सॉर्टला डॅश ओ हा स्वतःचा पर्याय आहे. प्रशासकाचे अधिकार देणारी सुडो लावूनही व्यवस्थेच्या फाइलमध्ये मजकूर वळवता येत नाही, हे कोडेही असेच सुटते. सुडो त्यापुढच्या प्रोग्रॅमला अधिकार देते, फाइल मात्र आपला साधा शेल उघडत असतो. म्हणून मजकूर पाइपने, मिळालेले फाइलीत लिहिणाऱ्या टी या कमांडकडे द्यायचा आणि सुडो टीला लावायचे.

यानंतर मी सर्व्हरकडे वळले. दूरच्या यंत्राशी सुरक्षितपणे जोडणारे एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडमध्ये टाटू इलोनेन यांनी लिहिले. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले होते आणि त्या काळी याच कामासाठी वापरले जाणारे टेलनेट पासवर्डसकट सगळे उघड्यावर पाठवत असे. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरची ओळख म्हणून एक लांबलचक ठसा समोर येतो आणि तो मान्य आहे का असे विचारले जाते. बहुतेक जण न वाचता होकार देतात. मी तो आमच्याकडे नोंदवून ठेवलेल्या ठशाशी ताडून पाहिला, कारण जोडणी योग्य यंत्राशीच होत आहे याची खात्री करण्याची संधी त्याच वेळी असते. पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरायची असेल तर सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर जाते आणि खाजगी किल्ली आपल्याकडेच राहते. त्या खाजगी फाइलची परवानगी इतरांना वाचता येईल अशी असली तर एसएसएच ती वापरायलाच नकार देते. ६०० हा आकडा तेथे कामी आला. सर्व्हरच्या प्रॉम्प्टला, म्हणजे कमांड लिहायच्या ओळीच्या सुरुवातीला येणाऱ्या मजकुराला, मी वेगळा रंगही दिला. दोन खिडक्या शेजारी उघड्या असताना आपण कोणत्या यंत्राला सांगतो आहोत, हे रंगावरून चटकन कळते.

जोडणी तुटली की त्या टर्मिनलवर चालू असलेल्या कामांना कर्नलकडून ‘हँगअप’ हा १ क्रमांकाचा संकेत जातो आणि बहुतेक प्रोग्रॅम तो मिळताच संपतात. मोठ्या कॉपीसाठी म्हणूनच मी टीमक्स या प्रोग्रॅममध्ये सेशन उघडते. ते सर्व्हरवरच राहते आणि पुन्हा जोडल्यावर काम होते तेथून पाहता येते. कॉपीसाठी आरसिंक ही कमांड घेते. स्रोताच्या नावाशेवटी तिरपी रेघ असेल तर आरसिंक डिरेक्टरीतला ऐवज नेते, नसेल तर डिरेक्टरीच नेते. डॅश एन आणि डॅश व्ही लावून केलेली कोरडी चाचणी हा फरक फाइलींची यादी देऊन आधीच दाखवते.

ही सगळी समज एका प्रसंगी पणाला लागली. डिस्क भरल्याचा संदेश येऊ लागला आणि नव्या प्रतिमा जतन होईनात. डीएफ डिस्क पूर्ण भरल्याचे सांगत होती, तर मूळ डिरेक्टरीपासून डीयूने केलेली बेरीज बरीच कमी येत होती. आयनोड संपले असतील तरीही जागा नसल्याचाच संदेश येतो, म्हणून डीएफला डॅश आय देऊन ते आधी पाहिले. ते पुरेसे शिल्लक होते. मग प्रश्न एवढाच राहिला, की एकाच डिस्कबद्दल दोन कमांड वेगळे का सांगतात. डीयू डिरेक्टऱ्यांमधून नावे वाचत फिरते आणि सापडलेल्या फाइलींची बेरीज करते; डीएफ फाइल सिस्टिमचा स्वतःचा हिशेब विचारते. ज्या फाइलीला नाव नाही पण जागा आहे, ती डीएफच्या हिशेबात असते आणि डीयूला भेटत नाही. एलएसओएफला उघड्या फाइलींपैकी नाव गमावलेल्या फाइली दाखवायला सांगितल्यावर एका सेवेचा, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, भलामोठा लॉग ‘डिलीटेड’ या शेऱ्यासह समोर आला. जुने लॉग हटवणाऱ्या एका स्क्रिप्टने त्याचे नाव खोडले होते, पण सेवेला ते कळवले नव्हते आणि ती त्याच बिननावाच्या फाइलीत लिहीत राहिली होती. सेवा पुन्हा सुरू करताच फाइल बंद झाली आणि जागा मोकळी झाली. नंतर ते काम लॉगरोटेटकडे सोपवले, जे जुन्या लॉगचे नाव बदलल्यावर सेवेला नवा लॉग उघडायला सांगू शकते.

रात्रीच्या बॅकअपसाठी, ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमध्ये ओळ लिहिताना मिनिट, तास, महिन्याचा दिवस, महिना आणि वार हे पाच रकाने भरणे सोपे असते. हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये अडते, याचे कारण बहुतेक वेळा वेगळेच असते. क्रॉन माझा नेहमीचा शेल उघडत नाही, माझ्या सेटिंगची फाइल वाचत नाही आणि त्याचा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या डिरेक्टऱ्यांची यादी, आखूड असतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहिला, आरसिंकने परत दिलेला आकडा शून्य नसेल, म्हणजे काम बिघडले असेल, तर स्क्रिप्टने तेथेच थांबावे अशी अट घातली आणि तिचे संदेश व त्रुटी दोन्ही एका फाइलीत वळवल्या.

एसएसएचची सेटिंग बदलून पासवर्डने होणारा प्रवेश बंद करणे हे सर्वांत शेवटी ठेवले होते. आधी किल्लीने प्रवेश होतो हे पाहिले, सेटिंगच्या फाइलीची प्रत काढली, बदल केला आणि सेवेला स्वतःच ती फाइल तपासायला लावणारा डॅश टी हा पर्याय वापरला. त्यावर काहीही छापले गेले नाही, म्हणजे रचनेत त्रुटी नव्हती. जुने सेशन उघडेच ठेवून सेवेला सेटिंग नव्याने वाचायला लावली, कारण आधीपासून जोडलेली सेशने त्याने तुटत नाहीत, आणि दुसऱ्या खिडकीतून नवी जोडणी केली. किल्लीने प्रवेश झाला, पासवर्डने नाकारला गेला, आणि मगच जुने सेशन बंद केले.